धर्मादाय, शेकडा पाव

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब लिहिला. बाजार नाना-भवानी पेठेतून गुलटेकडीला हलला त्या सुमारास एका भुसार आडत्याकडे दिवाणजींचा मदतनीस म्हणून चिकटलो आणि दिवाणजी म्हणूनच बाहेर पडलो. आधी लाल कापडी बांधणीच्या लांबलचक वह्या, मग साधी रजिस्टरं, शेवटची बारा वर्षं कॉम्प्युटर. बसायला गादी होती ती जाऊन खुर्ची आली, एवढीच काय ती बढती.

आडत्याची पट्टी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वर शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, भाव. खाली वजावट: हमाली, तोलाई, वाराई, भाडं. आणि आमच्या जुन्या वह्यांत या सगळ्याच्या तळाशी एक बारीकशी ओळ असायची, धर्मादाय. रक्कम इतकी किरकोळ की कुणी तिच्याबद्दल हुज्जत घालायचं नाही. पण दिवाळीला खतावणी बांधायला घेतली आणि धर्मादाय खात्याची बेरीज आली की शेठसुद्धा चष्मा कपाळावर चढवून दोनदा बघायचे. त्यातून पांजरपोळाला चारा जायचा, वारीच्या मुक्कामाला पिठाची पोती जायची, उन्हाळ्यात पाणपोईचे रांजण भरले जायचे. आमच्या शेठना एक गोष्ट पक्की ठाऊक होती आणि ती त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितली: "हे खातं आपलं नाही. आपण फक्त सांभाळायचं." पुढे कळलं की कायदाही हेच म्हणतो. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या ५४ व्या कलमानुसार असा गोळा केलेला पैसा व्यापाऱ्याचा होत नाही, तो त्याचा फक्त विश्वस्त असतो.

निवृत्त झाल्यावर आता आठवड्यातले दोन दिवस मी एका वृद्धाश्रमाच्या वह्या लिहितो. आश्रमाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते आमच्या विश्वस्तांना आवडेलच असं नाही. अडतीस माणसं आहेत. त्यातली अकरा अंथरुणाला खिळलेली.

तिथे मी पहिल्यांदा गेलो तो दाता म्हणून. बायकोचं वर्षश्राद्ध होतं. अडतीस जणांना श्रीखंड-पुरी दिली, एका आजींच्या हातात द्रोण देताना पुतण्याकडून फोटो काढून घेतला, पावती खिशात घातली आणि निघालो. जाता जाता बायकांच्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या खाटेला सुतळीनं बांधलेली एक शंभर पानी वही दिसली. हिशेबाच्या माणसाला वही दिसली की हात जातोच. आत तारखा, वेळा आणि पुढे एकेक अक्षर: १० डा, १२ उ, २ पा, ४ डा. खाली सही म्हणून अंगठ्याएवढं फूल काढलेलं. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "ती कूस-वही आहे, दादा. दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी, उजवी, पाठ. नाहीतर कातडी फुटते."

मी तिथेच बसलो. माझी बायको घरी चौदा महिने अंथरुणाला होती. दिवसा मी आणि रात्रीही मीच. रात्री दोनचा गजर आणि चारचा गजर या दोन्हींत फरक असतो. दोनला माणूस अजून माणूस असतो, चारला नुसते हात असतात. माकडहाडाशी पडलेलं रुपयाएवढं लाल वर्तुळ आठवड्याभरात वाटीएवढं कसं होतं ते मी पाहिलंय. त्या वहीतली 'पहाटे ४ डा' ही नोंद काय किमतीची आहे हे मला कुणी सांगायला नको होतं. श्रीखंडाची पावती खिशात टोचायला लागली.

सणाचं देणं आणि रोजचं देणं यांचा विचार करू लागलो तेव्हा ज्याच्यापाशी येऊन थांबलो, त्या ससूनकडे आता येतो.

पुण्यात 'ससूनला नेलं' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. ससून हे आपल्या बोलण्यात माणसाचं नाव राहिलेलंच नाही, ते एक ठिकाण झालंय. ससून रुग्णालयाच्या पायाचा दगड १८६३ चा, इमारत पुरी झाली १८६७ मध्ये. त्याच १८६३ सालचं, पण पुष्कळ कमी लोकांना ठाऊक असलेलं, रुग्णालयाला पैसा देणाऱ्या डेव्हिड ससूनचं दुसरं काम नवी पेठेत उभं आहे. पत्रकार भवनापासून चालत दोन-चार मिनिटांवर. जुनं नाव डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह, आजचं नाव 'निवारा'. तिथल्या सभागृहात मी किमान पन्नास व्याख्यानं ऐकली असतील, पुस्तक प्रकाशनांचा चहा प्यायलो असेन. मागे कोण राहतं याची चौकशी एकदाही केली नाही. कार्यक्रम संपला की चप्पल शोधायची आणि घर गाठायचं. वैकुंठ स्मशानभूमीही याच नवी पेठेत, त्यामुळे या भागात येण्याची दुसरी कारणंही वयाप्रमाणे वाढत गेली. तरीही मधल्या त्या कंपाउंडात डोकावलो नाही.

डेव्हिड ससून १७९२ मध्ये बगदादला जन्मला. बाप तिथल्या पाशाचा खजिनदार आणि ज्यू समाजाचा पुढारी. घराणं पैशात लोळत होतं. मग पाशा बदलला, नजरा बदलल्या आणि पळून जायची वेळ आली. डेव्हिड इराणच्या बुशहर बंदरात येऊन राहिला, मागोमाग म्हातारा बापही आला. तो ऐंशीचा होता. खजिनदारी केलेला माणूस परक्या बंदरात, परक्या छपराखाली १८३० मध्ये गेला. दोनेक वर्षांनी डेव्हिड बायकामुलांसह मुंबईत उतरला तेव्हा चाळिशीला आलेला होता. म्हणजे आपल्याकडे माणूस ज्या वयात 'आता काय नवीन करणार' म्हणायला लागतो, त्या वयात.

फोर्टात त्यानं पेढी टाकली. अंगात झगा, डोक्याला फेटा, छातीवर दाढी. काळा घोड्याच्या डेव्हिड ससून वाचनालयात शिरताना संगमरवरात दिसतो तो असाच. इंग्रजांच्या राज्यात इंग्रजांशी कोट्यवधींचा व्यापार केला, पण इंग्रजी शिकला नाही. १८५३ मध्ये ब्रिटिश प्रजाजन झाला तेव्हा सही केली ती हिब्रूत. पेढीच्या वह्या बगदादी ज्यूंच्या अरबीत, हिब्रू लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या. हे वाचलं तेव्हा मला आमच्या शेठच्या माळ्यावरच्या मोडीतल्या वह्या आठवल्या. बाहेरच्याला अक्षर लागू नये हीसुद्धा हिशेबाची एक रीतच आहे.

ससूनच्या वह्यांत एक खातं धर्मादायाचं होतं. पेढीच्या प्रत्येक व्यवहारावर शेकडा पाव बाजूला काढायची त्यांची पद्धत. हजाराच्या व्यवहाराला अडीच रुपये, लाखाला अडीचशे. नफ्यावर नाही, व्यवहारावर. ज्यांनी वही लिहिली आहे त्यांनाच यातली मेख कळेल. नफा दिवाळीला ठरतो आणि ठरवताना चार गोष्टी इकडच्या तिकडे करता येतात. व्यवहार रोज होतो आणि रोजमेळात त्याच दिवशी चढतो. नफ्यातून दान काढणारा माणूस वर्षातून एकदा दानशूर असतो. व्यवहारावर काढणाऱ्याला आपण दान करतोय याची आठवणही राहत नाही, दिवाणजीच ते करून टाकतो.

पण व्यवहार कशाचा? इथे पुष्कळ लेखक घाईनं पुढे जातात, 'कापूस, कापड वगैरे' म्हणून. त्या 'वगैरे'त अफू आहे. माळव्यात पिकायची, उंटा-बैलांवरून यायची, मुंबईहून चीनला जायची. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर तिकडची वाट आवळली गेली आणि माळव्याचा माल मुंबईकडे वळला. साठेक किलोच्या एका पेटीवर सरकार पासाचे पैसे घ्यायचं. १८३५ मध्ये सव्वाशे रुपये होते ते वाढत वाढत १८६१ मध्ये सातशेवर गेले. तरी माल थांबला नाही, यावरून त्यात किती सुटत असेल ते ओळखा. पहिलं अफूयुद्ध संपून १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला, चीनची बंदरं उघडली आणि दोनच वर्षांत ससूनचा मुलगा इलियास कँटनला जाऊन बसला. आठ मुलगे होते. पेढीच्या शाखा त्यांच्या पायांनी चालत गेल्या.

तेव्हा हे एकट्या ससूनचं नव्हतं. सर जमशेटजी जिजीभाईंच्या पैशातही चीनची अफू होती आणि त्या पैशातून उभ्या राहिलेल्या जे. जे. रुग्णालयात आजही मुंबईचा गरीब माणूस जातो. सरकार स्वतः कर घेऊन हा धंदा करू देत होतं. पण 'तेव्हा सगळेच करायचे' हे वाक्य मी बाजारात इतक्या वेळा ऐकलंय, वजनात मारणाऱ्यांकडून, ओलं धान्य कोरडं म्हणून लावणाऱ्यांकडून, की त्यावर माझा विश्वास राहिलेला नाही. चीनमधली किती घरं त्या पेट्यांनी बसवली त्याची खतावणी कुणी ठेवली नाही. माझं मत सरळ आहे: ससूनच्या नावाच्या प्रत्येक पाटीवर अफू हा शब्द यायला हवा. पाटी काढू नका, शब्द घाला. जमा दाखवायची आणि नावे झाकायची, अशी वही आमच्याकडे पहिल्याच तपासणीत परत यायची.

१८६३ हे साल मात्र वेगळं होतं. अमेरिकेत यादवी पेटली होती, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईतला प्रत्येक जण रातोरात श्रीमंत होत होता किंवा होणार होता. समुद्र बुजवायच्या कंपन्या निघत होत्या, त्यांच्या शेअरांवर लोक घरदार लावत होते. त्या धुंदीत सत्तरी ओलांडलेला हा म्हातारा पुण्यात काय करत होता? रुग्णालयासाठी पैसे देत होता. लष्कर भागात सिनेगॉग बांधायला घेत होता, तेच आपलं लाल देऊळ. स्वतःसाठी 'गार्डन रीच' नावाचा वाडा बांधत होता, उगाच संतपण चिकटवायला नको. आणि ज्यांना कुणी नाही, ज्यांना कमावता येत नाही, ज्यांना चालता येत नाही अशांसाठी नवी पेठेत घर उभारत होता. पुण्यात ज्यू होते ते मूठभर. हे घर काही त्यांच्यासाठी नव्हतं. बुशहरच्या त्या ऐंशी वर्षांच्या बापाचा यात काही भाग असेल असं मला आपलं वाटतं.

नोव्हेंबर १८६४ मध्ये तो पुण्यातच गेला. लाल देवळाच्या आवारात त्याची कबर आहे. पुढच्या एप्रिलात अमेरिकेतली यादवी संपली, कापूस कोसळला आणि मुंबईच्या कंपन्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या खाली आल्या. ते पाहायला तो नव्हता. तीन वर्षांत मुलांत फाटलं, इलियासनं वेगळी पेढी काढली. थोरला अब्दुल्ला अल्बर्ट झाला. कुलाब्याचा ससून डॉक त्याचा, १८७५ चा. बापाचा समजून लोक बोलतात, ते चुकीचं. घराणं हळूहळू विलायतेला गेलं, पणतू सिगफ्रीड ससून पहिल्या महायुद्धात लढला आणि युद्धाविरुद्ध कविता लिहून इंग्रजीत नाव करून गेला. पेढी आज नाही. डॉकवर मासळी उतरते. आणि नवी पेठेत आज, तुम्ही हे वाचत असताना, कुणीतरी म्हातारं माणूस दुपारच्या चहाची वाट बघत बसलेलं आहे.

मला या माणसाबद्दल भक्ती नाही. एका दिवाणजीला दुसऱ्या पेढीच्या वहीबद्दल वाटावा तेवढा आदर आहे. त्याच्या दानातली एक गोष्ट मला हेव्याची वाटते: त्यानं रोजच्यासाठी दिलं. आपण सणासाठी देतो.

आमच्या आश्रमाची वही सांगते. गेल्या पितृपंधरवड्यात पंधरा दिवसांसाठी सव्वीस जेवणांचे फोन आले. दुपारी एकाचं, संध्याकाळी एकाचं असं करून चोवीस बसवली, एकाच तिथीवर गर्दी झाल्यानं दोघांना नाइलाजानं 'नाही' म्हणावं लागलं. त्यातले एक गृहस्थ रागावले. अडतीस माणसं, त्यातली सोळा मधुमेहाची, आणि पंधरा दिवस रोज खीर, वडे, जिलबी. एकदा एका मोठ्या घरची मंडळी स्वतःच्या हातानं वाढायची म्हणून हट्टानं आली. साडेबाराला येतो म्हणाली. सिस्टरनी त्या हिशेबानं सव्वाबाराला इन्सुलिन दिलं. मंडळी स्वारगेटच्या चौकात अडकली, जेवण आलं दोनला दहा कमी असताना. तोवर एका आजींना दरदरून घाम सुटला होता, बोलणं तोंडातल्या तोंडात चाललं होतं. मावशींनी साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. पाहुण्यांनी आजींच्या शेजारी उभं राहून फोटो काढला. आजी हसल्या फोटोत. त्यांना काय, कुणी 'हसा' म्हटलं की त्या हसतात.

आणखी वस्तू येतात. एअर बेड येतो, त्यावर दात्याचं नाव बोटभर जाडीच्या अक्षरात. मोटर चार महिन्यांत बंद, दुरुस्तीला पैसे मागितले तर 'आम्ही बेड दिला ना?' शाली येतात, मे महिन्यातसुद्धा. भिंतीवरचं घड्याळ तर इतक्यांनी दिलंय की प्रत्येक खोलीत दोन आहेत आणि दोन्हींत वेळ वेगळी. मावशींचा पगार द्यायला मात्र आजवर आपण होऊन एकही फोन आलेला नाही. मी चार वर्षांच्या पावत्या चाळून हे लिहितोय. पगाराला कुणाचं नाव लागत नाही, पगाराचा फोटो निघत नाही, पगार कुणाच्या तिथीला जोडता येत नाही.

वृद्धाश्रम म्हटलं की लोकांना लगेच अमेरिकेतला मुलगा आठवतो. नाटक-सिनेमांनी तो इतका रंगवला की आता दुसरं काही दिसतच नाही. आमच्या अडतीसांत मूल परदेशात असलेले दोनच. बाकीच्यांत कोण आहेत? चाळीस वर्षं लोकांच्या घरी स्वयंपाक केलेल्या बालविधवा आक्का. गिरणी गेल्यावर गावी भावाकडे परतलेले आणि भाऊ गेल्यावर नको झालेले एक कामगार. छापखान्यात खिळे जुळवणारे अविवाहित काका, ज्यांचा मोठा पुतण्या दर महिन्याला येतो, पण त्याचंच घर एका खोलीचं आहे. मुलांना शिव्या देऊन यांचा प्रश्न सुटत नाही, कारण शिव्या द्यायला मुलंच नाहीत.

दुसरीकडे पुण्याभोवती ज्येष्ठांसाठी इमारती बांधणं हा आता रीतसर धंदा आहे. न्हाणीघरात धरायला कठडे, खाटेशी घंटी, खाली डॉक्टर, बागेत बाकडी. मी दोन ठिकाणी जाऊन पाहून आलो. चांगलं काम आहे, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. बिल्डरनं नफा केला तर केला. पण तिथे शिरायचं तर आधी विकायला एक फ्लॅट हवा. आक्कांकडे एक ट्रंक आहे.

सरकारनं करावं, हे म्हणणं बरोबर आहे. २०११ च्या जनगणनेतच देशात साठीच्या पुढची १० कोटी ३८ लाख माणसं होती. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तरतूदही आहे: दर जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम, किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय. पण कलम १९ बारकाईनं वाचा. राज्य सरकार असे आश्रम 'करील' असं तिथे म्हटलेलं नाही, 'करू शकेल' असं म्हटलंय. चाळीस वर्षं करारपत्रं वाचलेल्या माणसाला या दोन क्रियापदांतलं अंतर समजतं. त्याच कायद्यात आईबापांच्या निर्वाहाची कमाल रक्कम महिना दहा हजार आहे. तीही मूल असेल तर आणि म्हाताऱ्या माणसात न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढायचं बळ असेल तर. आपल्या राज्यानं १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रमांची योजनाही आणली होती. सरकारला सवाल जरूर विचारत राहू. पण आज रात्री दोन वाजता कूस कोण बदलणार याचं उत्तर मंत्रालयातून यायचं नाही.

म्हणून हिशेब मांडतो, मला तेवढंच येतं. आमच्याकडे रात्री दोन मावशी लागतात. एकीचा एका रात्रीचा खर्च सातशे रुपये पडतो, दोघींचा चौदाशे. अडतीस जणांचं गोडाचं जेवण साडेचार हजारांच्या आसपास जातं. म्हणजे एका जिलबीच्या दुपारीत तीन रात्री बसतात. वर्षाच्या रात्री ३६५. खर्च पाच लाख अकरा हजार. आता हा आकडा ससूनच्या मापानं मोजा. शेकडा पाव काढायचं तर पाच लाख अकरा हजारांसाठी साडेवीस कोटींचा व्यवहार लागतो. मोठा वाटतो ना आकडा? गुलटेकडीतला आमचा एक गाळा, मी सोडला त्या वर्षी, याहून जास्त उलाढाल करत होता. असे गाळे तिथे ओळीनं आहेत. एका गाळ्यानं पाव टक्का बाजूला काढला की अडतीस माणसांच्या वर्षभराच्या रात्री सुटतात.

आमच्या शेठच्या मुलाशी मी याविषयी बोललो. पोरगा चांगला आहे, माझ्यासमोर वाढलाय. म्हणाला, "काका, आता सगळं जीएसटीत, ते धर्मादाय-बिर्मादाय कुठे दाखवायचं? आम्ही सीएसआर करतोच की." त्यांची उलाढाल सीएसआरच्या कायद्यात बसण्याइतकी नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. सीएसआर म्हणजे त्याच्या लेखी दिवाळीतलं फराळवाटप. मी म्हटलं, शेतकऱ्याच्या पट्टीतून कापू नकोस, ते तसंही बरोबर नव्हतं. आडत्याच्या पदरचं काढ. तो म्हणाला, बघतो. बाजारात 'बघतो'चा अर्थ काय होतो ते मी त्याच्या वडिलांकडूनच शिकलो.

हे फक्त आडत्यांनाच लागू आहे असं नाही. दवाखाना चालवणारे, क्लासवाले, सोसायट्यांचे ठेकेदार, आयटीतले घरी बसून डॉलर मोजणारे, सगळ्यांच्या वह्या आहेत. पाव टक्का व्यवहारावर काढा आणि त्याला तिथी लावू नका, नाव लावू नका, 'अमुकसाठीच खर्च करा' अशी अट घालू नका. जवळच्या कुठल्याही आश्रमात जा, खाटेच्या पायाशी वही आहे का बघा. असेल आणि तिच्यात पहाटे चारची नोंद असेल, तर तिथे द्या. वही नसेल तर का नाही ते विचारा. देणाऱ्याला तेवढा हक्क आहे, फोटोचा नाही.

येत्या पितृपंधरवड्याचं आमचं रजिस्टर मी कालच उघडलं. सगळ्या दुपारी भरल्या आहेत. संध्याकाळच्याही दोनच उरल्यात. रात्रींचं पान मी या वर्षी नव्यानं आखलंय, पंधरा ओळी, प्रत्येक ओळीपुढे चौदाशे रुपये. त्यात अजून एकही नाव नाही. पहिल्या ओळीत बायकोच्या नावानं माझं घालतो आहे. उरलेल्या चौदा मोकळ्या आहेत.